लहान तोंडी मोठा घास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात, असा आपल्या चिटणीसबाईंचा आग्रह आहे. कुणी लोणच्याची कृती दिली आहे, कुणी अष्टविनायकाच्या सहलीचे वर्णन केले आहे. मी सातवीपर्यंतच शिकले आहे. पण दुपारची कामे आटोपली की वाचनालयातले पुस्तक हातात घेण्याची सवय मला फार वर्षांपासून आहे. त्या वाचनातून एक विषय मनात घर करून राहिला आहे, तोच आज भगिनींपुढे मांडते. मुलांना कसे वाढवावे यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने झाली आहेत. माझा प्रश्न थोडा निराळा आहे. मुलांनीच एकत्र येऊन स्वतःच्या हक्कासाठी तोंड उघडले असे कधी घडले का, आणि घडले तेव्हा मोठ्या माणसांनी काय केले?

घरात मूल मोठ्यांच्या बोलण्यात काही सांगू लागले की आपण चटकन म्हणतो, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस." ही म्हण आपल्या आज्यांनी मुलांच्या बरोबरीने सुनांनाही ऐकविली आहे, आणि त्यांनी स्वतःही सासूकडून ऐकली आहे. म्हणून ती ऐकताना कसे वाटते, हे बायकांना निराळे सांगायला नको.

सर्वांत जुनी गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. आळंदीचे विठ्ठलपंत संन्यास सोडून पुन्हा संसारात आले, म्हणून त्यांच्या मुलांना समाजाने वाळीत टाकले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि चार भावंडे पोरकी झाली. पुढे ही भावंडे शुद्धिपत्र मागण्यासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे गेली. परंपरेने हा प्रसंग शके १२०९ च्या, म्हणजे इसवी सन १२८७ च्या सुमाराचा मानतात. परंपरेतल्याच जन्मसनांवरून हिशेब केला, तर निवृत्तिनाथ चौदा वर्षांचे, ज्ञानदेव बारा, सोपान दहा आणि मुक्ताई आठ वर्षांची होती. आपण कीर्तनात रेड्यामुखी वेद ऐकतो आणि हात जोडतो, ते योग्यच आहे. परंतु त्या चमत्काराच्या झगझगाटात एक साधी गोष्ट आपल्या नजरेआड होते. आईबाप नसलेली चार मुले आळंदीहून पैठणला चालत गेली आणि विद्वानांच्या सभेत उभी राहून म्हणाली की, आमचा काही दोष नाही, आम्हाला माणसांत घ्या. मुलांनी मिळून केलेली हक्काची मागणी याहून वेगळी ती कोणती?

यानंतर मी एकदम १८५५ सालात येते, कारण त्या वर्षी पुण्याच्या एका मुलीने स्वतःच्या हाताने लिहिलेले आज आपल्याला वाचता येते. मुक्ता साळवे हे तिचे नाव. मांग समाजातली ही मुलगी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती आणि सुमारे चौदा वर्षांची होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध त्या वर्षी 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. आम्हाला वेद वाचण्याची मनाई, तर मग आमचा धर्म तरी कोणता, असा रोखठोक सवाल तिने केला. आपल्या समाजातल्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हे दुःख तिने मांडले. बाळंतिणीची खोली, शेक, डिंकाचे लाडू या गोष्टी आपण गृहीत धरतो. त्या नसलेल्या बाळंतिणीसाठी चौदा वर्षांच्या मुलीने लेखणी उचलली. शेवटी आपल्या बांधवांना तिने अभ्यास करण्याची कळकळीची विनंती केली. शाळेत तिला तीनच वर्षे झाली होती असे सांगतात. तीन वर्षांची शाळा पोरीच्या तोंडी एवढे बळ देते, हे वाचून मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले.

त्याच सुमारास आपल्या मुंबईत सूतगिरण्या उभ्या राहू लागल्या, आणि बाईमाणसांबरोबर लहान मुलेही कामाला जाऊ लागली. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने काय दिले पाहा: सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. सात वर्षांचे मूल म्हणजे आपल्याकडचे पहिली-दुसरीतले. त्याने नऊ तास काम करणे ही तेव्हा सुधारणा होती! १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी कमिशनपुढे ठेवले. आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्या मागण्या होत्या. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. १८९१ च्या कायद्याने मुलांचे वय नऊवर आणि कामाचे तास सातवर आणले. १९२२ साली वय बारावर आणि तास सहावर आले. लोखंड्यांसारख्या माणसांचे उपकार थोर आहेत. तथापि या चाळीस वर्षांत मुलांचे वय आणि तास ठरविणारे सगळे मोठेच होते. सरकार, मालक आणि पुढारी यांच्यात वाद झाला. साच्यावर उभ्या असलेल्या पोराला त्यात जागा नव्हती.

साता समुद्रापलीकडे मात्र पोरांनी एकदा स्वतःच जागा करून घेतली. १८९९ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरात वर्तमानपत्रे विकणाऱ्या मुलांनी संप केला. शंभर अंकांचा गठ्ठा त्यांना पूर्वी पन्नास सेंटला मिळे. पुलित्झर आणि हर्स्ट या दोन बड्या मालकांनी तो साठ सेंट केला होता आणि न खपलेले अंक मुलांच्याच गळ्यात पडत. रस्त्यावर राहणारी, अंगात धड कपडा नसलेली ही पोरे सभा घेऊ लागली आणि त्यांनी ती दोन पत्रे विकायचे नाकारले. दोन आठवड्यांनी तडजोड झाली. भाव साठच राहिला. पण न खपलेले अंक परत घ्यायचे मालकांनी कबूल केले. पोरांनी काय मागितले, तर जे विकले गेले नाही त्याचा भुर्दंड आम्हाला नको. बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या कुठल्याही बाईला हा हिशेब पटेल.

आपल्याकडे मुलांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या देशाच्या कामासाठी. १९३० च्या सविनय कायदेभंगात गावोगावी वानरसेना निघाल्या. प्रभातफेऱ्या काढणे, निरोप पोचविणे, पत्रके चिकटविणे, झेंडे शिवणे ही कामे मुले करीत. अलाहाबादला बारा वर्षांच्या इंदिरा नेहरू त्यात होत्या. यातली एक गंमत मला फार आवडते. काही ठिकाणी मुलींना वानर हे नाव पसंत पडेना. त्यांनी आपली निराळी 'मांजरसेना' काढली. देशाच्या लढाईतही आपले नाव आपण ठरवू, हे त्या परकरातल्या पोरींनी सांगितले. मोठ्यांनी दिलेल्या कामात मुलांनी हळूच स्वतःचा एक हक्क असा मिळवला.

१९४२ च्या लढ्यात आपल्या महाराष्ट्रातल्या नंदुरबारने तर मुलांचे रक्त पाहिले. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून 'चले जाव'ची हाक गेली, त्याला महिना झाला होता. ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारच्या बाजारपेठेतून मुलांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार मेहता या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती तिरंगा होता. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा हे बालवीर पडले. बंदूक मुलींच्या दिशेने वळली तेव्हा शिरीष पुढे झाला, असे तिकडे सांगतात. नंदुरबारला त्यांचे स्मारक आहे आणि ९ सप्टेंबरला तिथे आजही त्यांना वंदन करतात.

इथे मला एक विचार सुचतो, तो स्पष्ट लिहिते. मूल देशासाठी पुढे आले की आपण त्याला बालवीर म्हणतो. धर्मासाठी पुढे आले की बालसंत म्हणतो. तेच मूल स्वतःच्या जेवणासाठी, झोपेसाठी, शाळेसाठी किंवा खेळासाठी पुढे आले, तर मात्र उद्धट म्हणतो. आपल्या कारणासाठी बोलणारे मूल आपल्याला शहाणे वाटते, आणि त्याच्या स्वतःच्या कारणासाठी बोलू लागले की शेफारलेले वाटते. मुलांच्या हक्काचा सगळा इतिहास मला या एका गाठीपाशी अडकलेला दिसतो.

ही गाठ सोडविण्याचा मोठा प्रयत्न साऱ्या जगाने मिळून १९८९ साली केला. त्या वर्षी २० नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांची संहिता मंजूर केली. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. तिच्यात चोपन्न कलमे आहेत. त्यांतले बारावे कलम सांगते की, ज्या गोष्टीचा मुलावर परिणाम होणार आहे त्या गोष्टीत त्याला आपले मत सांगण्याचा हक्क आहे, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन दिले पाहिजे. पंधरावे कलम मुलांना एकत्र येण्याचा आणि आपली संघटना करण्याचा हक्क देते. एकतिसावे कलम विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क देते. बाराव्या कलमाचा अर्थ मुलाचा प्रत्येक हट्ट पुरवावा असा नाही. निर्णयाआधी त्याला विचारावे एवढाच आहे.

ते कलम वाचले तेव्हा मला माझी शाळा आठवली. कोकणात आमच्या गावी सातवीपर्यंतच वर्ग होते. आठवीची शाळा दोन डोंगर ओलांडून होती आणि वाटेत पावसाळ्यात वाहणारा मोठा वहाळ होता. माझे नाव पुढच्या शाळेत घालायचे नाही असे ओटीवर बसून ठरले. मी माजघरात तांदूळ निवडत होते. वडिलांना माझी काळजी होती, हे मला तेव्हाही कळत होते. परंतु माझ्यासह गावातल्या पाच मुलींची शाळा त्या वर्षी सुटली, आणि आम्हा पाचांपैकी एकीलाही कुणी विचारले नाही. विचारले असते तर आम्ही काय सांगितले असते? वहाळावर साकव बांधा, एवढेच.

हे सांगण्याचे कारण असे की, खरोखरच मुलांनी साकव मागितल्याची हकीकत मी पुढे वाचली. ती आपल्या शेजारच्या कर्नाटकातली आहे, पण तिचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. कुंदापूरच्या किनाऱ्यावरची गरीब घरची मुले वर्षानुवर्षे मुंबई-बंगळूरच्या उडुपी हॉटेलांत कपबशा विसळायला आणि टेबले पुसायला येत असत. बंगळूरच्या एका संस्थेच्या मदतीने कर्नाटकातल्या कामकरी मुलांनी १९९० साली 'भीम संघ' नावाची आपली संघटना काढली. कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांखालच्या मुलाला कामगार युनियनचे सभासद होता येत नाही. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज त्यालाच दार बंद. त्या मुलांनी तरीही सभा घेतल्या आणि आपल्या अडचणींच्या याद्या केल्या. पुढे कुंदापूर भागातल्या गावांत मुलांच्या पंचायती निवडून येऊ लागल्या. या पंचायतींनी मोठ्यांच्या पंचायतीकडे जे मागितले त्यात ओढ्यावरचे साकव होते. मोठा माणूस ओढा ढांगेत ओलांडतो, म्हणून त्याला तो दिसत नाही. दप्तर पाठीला लावलेल्या सात वर्षांच्या पोरीला तो दिसतो.

१९९६ साली त्याच कुंदापुरात आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका या तीन खंडांतल्या कामकरी मुलांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी दहा मागण्या लिहिल्या. आमच्याविषयीच्या निर्णयांत आम्हाला विचारा. आमच्या जगण्याला जुळेल असे शिक्षण द्या. आजारपणात औषधपाणी मिळू द्या. खेड्यात अशी सोय करा की आम्हाला घर सोडून शहरात यावे लागू नये. गरिबी हे मूळ आहे, त्याच्याशी लढा. शिकायला आणि खेळायला वेळ राहील असे सन्मानाचे काम असू द्या, अशा आशयाच्या त्या मागण्या आहेत. पुष्कळ थोर लोकांना त्या पटल्या नाहीत. मुलांनी काम करताच कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. मलाही मूल शाळेतच असावे असे वाटते. पण या वादात मुले काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय न्याय होत नाही, असेही वाटते.

याचे उदाहरण आपल्या मुलुंडातलेच देते. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या एका चहाच्या दुकानातून दहा-अकरा वर्षांचा मुलगा तारेच्या जाळीत ग्लास घेऊन जिने चढत असे. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलांत, चहाच्या दुकानांत आणि घरकामाला चौदा वर्षांखालचे मूल ठेवण्यास सरकारने बंदी केली. नियम चांगला होता. 'येथे बालकामगार नाहीत' अशा पाट्या दुकानादुकानांत लागल्या, आणि तो मुलगा दिसेनासा झाला. तो गावी गेला, शाळेत गेला, की जिथे पाटी नाही अशा कुठल्या अंधाऱ्या कारखान्यात गेला, हे आमच्या जिन्यातल्या एकाही घराला ठाऊक नाही. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला, आणि २०१६ साली चौदा वर्षांखालच्या कामाची बंदी, घरच्या धंद्यातली मदत सोडून, जवळजवळ सर्वच कामांना लागू झाली. कायद्याने मुलासाठी दार उघडले खरे; पण त्या दाराशी येताना वाटेत कोणता वहाळ आहे, हे मुलालाच विचारावे लागते.

मुंबईत हे विचारण्याचे काम काही ठिकाणी चालू आहे. 'युवा' या संस्थेच्या साहाय्याने वस्त्यांतल्या मुलांनी 'बाल अधिकार संघर्ष संगठन' नावाचा आपला संघ बांधला आहे. खेळायला जागा, पिण्याचे पाणी, स्वच्छ संडास, शाळेला जायला सुरक्षित रस्ता यांसाठी ही मुले बोलतात. यात मोठा घास कोणता आहे? हे सगळे आपणही नगरसेवकाकडे मागतोच.

आमच्या इमारतीतली गोष्ट तर अगदी ताजी आहे. मुलुंड वाढले तशा बैठ्या चाळी गेल्या, त्यांची अंगणे गेली, आणि उरलेल्या जागेत गाड्या उभ्या राहिल्या. आवारात चेंडू खेळू नये अशी सूचना फळ्यावर लागली. तेव्हा पाचवी ते आठवीतल्या मुलामुलींनी वहीच्या कागदावर अर्ज लिहिला. त्याखाली तेवीस सह्या होत्या. एक सही नुसते 'अ' काढून केलेली होती. संध्याकाळी साडेपाच ते सात एवढा वेळ द्या, आम्ही रबरी चेंडूनेच खेळू, काच फुटली तर सर्वांच्या खाऊच्या पैशांतून भरून देऊ, आणि परीक्षेच्या दिवसांत तळमजल्यावरच्या दादांना त्रास होईल तेव्हा खेळ बंद ठेवू, असे त्यात लिहिले होते. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "यांना कुणी शिकवले हे?" खरे म्हणजे कुणीच शिकविले नव्हते. शेवटी सव्वा तास मंजूर झाला, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावर आता रोज संध्याकाळी कालवा ऐकू येतो. शेजाऱ्याच्या अडचणीचा विचार करून लिहिलेला तसा अर्ज मोठ्यांकडून आलेला मी पाहिला नाही.

भगिनींनो, पैठणची चार भावंडे, पुण्याची मुक्ता, न्यूयॉर्कची पेपरवाली पोरे, कुंदापूरची मुले आणि आमच्या आवारातली तेवीस जणे यांच्या मागण्या शेजारी ठेवून पाहा. आकाशातला चंद्र कुणीच मागितलेला नाही. माणसांत घ्या, छप्पर द्या, भुर्दंड नको, साकव बांधा, दीड तास खेळू द्या. मूल मागते तेव्हा नेमके मागते, कारण काटा त्याच्याच पायात रुतलेला असतो.

आपले मंडळ दर नोव्हेंबरात बालमेळावा भरविते. वेषभूषा होते, पाठांतर होते, बक्षिसे वाटली जातात, आणि मुले आपण शिकविलेले बोलून खाली उतरतात. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की, येत्या मेळाव्यात अर्धा तास मुलांना मोकळा द्यावा. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बायांच्या मुलांनाही त्या दिवशी आग्रहाने बोलवावे, त्यांना वेगळे बसवू नये. आपण खाली सतरंजीवर बसावे आणि मुलांनी काय हवे ते सांगावे. चिटणीसबाईंनी ते सभेच्या वहीत तारखेनिशी उतरवून घ्यावे, आणि महिन्याभरात प्रत्येक गोष्टीचे उत्तर मुलांना द्यावे. जे जमेल ते करावे. जे जमणार नाही ते का जमणार नाही, हे त्यांना समजावून सांगावे. सतरंज्या घालण्याचे आणि त्या दिवशीच्या पोह्यांचे काम मी माझ्याकडे घेते.